सोळा की अठ्ठेचाळीस?

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात चाळीसगाव तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेवरून जाणाऱ्याला दहावीच्या वर्गातला गजर रस्त्यावर ऐकू येतो. ‘मायनस बी, प्लस-मायनस, अंडररूट बी स्क्वेअर मायनस फोर एसी, अपॉन टू ए.’ शाळा मराठी माध्यमाची आणि मुलं घरी अहिराणी बोलणारी. सूत्र मात्र सगळी पोरं इंग्रजीतच घोकतात, कारण तसं ते तालात बसतं. बीजगणिताच्या पुस्तकातलं दुसरं प्रकरण, ‘वर्गसमीकरणे’, सुरू झाल्याची ती वर्दी असते.

गेल्या वर्षी याच आठवड्यात तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा वही घेऊन बाईंच्या टेबलापाशी आला. गणित साधं होतं. ४० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद शेत आहे, त्याच्या कडेने आतल्या बाजूला सगळीकडे सारख्याच रुंदीची वाट सोडायची आहे आणि पेरणीसाठी ९३६ चौरस मीटर जागा उरली पाहिजे, तर वाट किती रुंद सोडावी? पोराने समीकरण नीट मांडलं होतं. चारने भाग दिल्यावर एक्स² – ३५एक्स + ६६ = ० असं सुटसुटीत रूप आलं होतं. वर्गमुळाखालची संख्या ९६१ आली आणि तिचं मूळ ३१ हेही त्याने बरोबर ओळखलं होतं. अडलं होतं ते शेवटच्या ओळीवर.

‘बाई, दोन उत्तरं उनात. दोन आनि तेहेतीस. कोनतं लिखू?’

‘मला नको विचारू,’ बाई म्हणाल्या. ‘शेताला विचार.’

पोरगा वहीकडे बघत राहिला. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, ‘अरे, तीस मीटरच्या वावरात तेहेतीस मीटरची वाट कशी काढशील?’ वर्ग हसला, पोरगाही हसला आणि त्याने ३३ वर काट मारली. बाईंनी त्याला ती काट खोडायला लावली. ३३ हे समीकरणाचं खरंखुरं उत्तर आहे, ते चुकलेलं नाही. शेताला ते चालत नाही, एवढंच. म्हणून ते का चालत नाही हे एका ओळीत लिहायचं आणि मगच पुढे जायचं. त्यांच्या वर्गात हा नियम आहे. तो कसा आला, त्याची गोष्ट वीसेक वर्षं जुनी आहे.

*

बाई १९९८ साली या शाळेत लागल्या. बी.एस्सी.ला गणित, मग बी.एड., आणि लगेच दहावीचा वर्ग. पहिल्या वर्षांत त्यांची सगळी शक्ती सूत्र पाठ करून घेण्यात जायची. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात ते वर्षभर लिहिलेलं असे, भोवती रंगीत खडूची चौकट. रोज हजेरीनंतर एकदा म्हणायचं. एका वर्षी मुलींनी त्याला हळदीच्या गाण्याची चाल लावली, तेव्हा बाईंना धन्यता वाटली होती. सूत्र शंभर टक्के मुलांना पाठ झालं आणि चाचणीत निम्म्या मुलांची उत्तरं चुकली.

नक्की कुठे चुकली, हे त्यांना बोर्डाचे पेपर तपासायला लागल्यावर कळलं. परीक्षक म्हणून गठ्ठे हाताखालून जाऊ लागले तसं त्यांच्या लक्षात आलं, की पोरांच्या चुका अगणित नसतात. पाच-सहाच असतात, आणि त्याच त्या येत राहतात. एखादा वैद्य नाडीवर बोट ठेवून सांगतो तसं त्या आता उत्तर बघूनच चूक सांगतात.

उदाहरणार्थ, २एक्स² – ७एक्स – ४ = ० हे समीकरण घ्या. इथे ए म्हणजे २, बी म्हणजे उणे ७ आणि सी म्हणजे उणे ४. उत्तरं आहेत ४ आणि उणे अर्धा. आता एखाद्याची उत्तरं अर्धा आणि उणे ४ आली, म्हणजे आकडे तेच पण चिन्हं उलटी, तर समजावं की सूत्रातला ‘मायनस बी’ त्याने जसाच्या तसा उणे ७ लिहिला. बी आधीच उणे आहे, तेव्हा उणे बी म्हणजे अधिक ७, हे तालात म्हणताना निसटतं. वर्गमुळाखाली १७ आले, तर वजा चार एसी करताना सीचं उणे चिन्ह हरवलं. ४९ मध्ये ३२ मिळवायचे ते वजा झाले. तिथे उणे १७ आले, तर उणे सातचा वर्ग उणे ४९ केला गेला; कंस घातलाच नव्हता.

आणि उत्तरं ३७ छेद ४, १९ छेद ४ अशी विचित्र आली, तर दोष रेघेचा. ही चूक बाईंना सगळ्यांत जास्त लागते. पोरगा सूत्र बरोबर लिहितो, किंमतीही बरोबर घालतो, पण भागाकाराची रेघ ओढताना ती फक्त वर्गमुळाच्या खालीच ओढतो. मग ७ बाहेर मोकळा राहतो आणि चारने भाग जातो तो एकट्या नऊला. अर्ध्या इंचाने रेघ आखूड पडली म्हणून सगळं गणित जातं. बाई म्हणतात, ही चूक बीजगणिताची नाहीच, सुलेखनाची आहे. तेव्हापासून त्या पोरांना आधी लांब रेघ ओढायला लावतात, मग तिच्यावर आणि खाली आकडे बसवायला सांगतात. आधी पाट मांडायचा, मग ताट.

आणखी एक चूक सूत्रापर्यंत पोचतच नाही. एक्स² = ५एक्स असं समीकरण दिलं की हुशार पोरंसुद्धा दोन्हीकडचा एक एक्स उडवतात आणि ‘एक्स बरोबर ५’ लिहून मोकळी होतात. शून्य हेही उत्तर आहे, ते एक्स उडवताना त्याच्याबरोबरच उडून गेलेलं असतं. शून्याने भागलं तर काय होतं, हे सातवीत शिकवलेलं दहावीत कुणालाच आठवत नाही.

बोर्डाच्या तपासणीत पायऱ्यांना गुण असतात. सूत्र लिहिलं, किंमती घातल्या, वर्गमूळ काढलं, दोन्ही मुळं लिहिली, असे थोडे थोडे गुण जमत जातात. त्यामुळे चुकलेल्या पोरालाही तीनपैकी दीड-दोन मिळून जातात. हे चांगलंच आहे. पण त्यात एक गंमत होते. शेवटच्या ओळीत दोन उत्तरांपैकी एक ‘ऋण म्हणून अमान्य’ असं लिहून टाकायची पोरांना सवय लागते, विचार न करता. गणितात वय, लांबी, माणसं यांपैकी काही आलं की ऋण उत्तर टाकायचं. दोन्ही धन आली तर मोठं ठेवायचं. हा दुसरा नियम पुस्तकात कुठेच नाही. तो पोरांनी स्वतःच बनवला आहे, आणि एके काळी बाईही तो नकळत पाळत होत्या.

*

२००३ सालची घटक चाचणी. वीस गुणांची. चाचणीत काहीतरी वेगळं द्यावं म्हणून बाईंनी एका जुन्या उदाहरणसंग्रहातून माकडांचं गणित घेतलं. एका कळपातल्या माकडांच्या आठव्या हिश्श्याचा वर्ग केला तर जेवढी संख्या होईल तेवढी माकडं रानात खेळत आहेत, आणि उरलेली १२ टेकडीवर ओरडत आहेत, तर कळपात एकूण माकडं किती? संग्रहाच्या मागच्या पानावर उत्तर छापलं होतं: ४८.

समीकरण एक्स² – ६४एक्स + ७६८ = ० असं येतं. वर्गमुळाखाली १०२४, म्हणजे मूळ ३२. उत्तरं दोन: ४८ आणि १६. वर्गातल्या बहुतेकांनी ४८ लिहून १६ वर फुली मारली होती. का मारली, ते कुणीच लिहिलं नव्हतं. एका मुलीने मात्र दोन्ही ठेवली होती, आणि खाली बारीक अक्षरात ताळाही लिहिला होता. ४८ चा आठवा हिस्सा ६, त्याचा वर्ग ३६, त्यात १२ मिळवले की ४८. सोळाचा आठवा हिस्सा २, वर्ग ४, अधिक १२, झाले १६.

बाईंनी तिचे दोन गुण कापले. शेजारी लाल शाईत लिहिलं: ‘उत्तर एकच हवे.’

मुलगी काही बोलली नाही. त्या काळात बोलायची पद्धतही नव्हती. उत्तरपत्रिका परत केल्यावर तिने ती घडी घालून दप्तरात ठेवली, एवढं बाईंना आठवतं.

तीन-चार वर्षांनी सुट्टीत बाईंच्या हाती ना. ह. फडके यांचं ‘लीलावती पुनर्दर्शन’ आलं, आणि तिथून त्या भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथाकडे वळल्या. तिथे त्यांना तीच माकडं भेटली. गणित जुन्या संग्रहकर्त्याचं नव्हतंच. ते आठशे वर्षांहून जुनं होतं. आणि भास्कराचार्यांनी उत्तरं दोन दिली होती. ४८ आणि १६, दोन्ही मान्य.

त्याच्या पुढचंच उदाहरणही माकडांचं आहे. कळपाच्या पाचव्या हिश्श्यातून तीन वजा करून उरलेल्याचा वर्ग केला तेवढी माकडं गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसतं आहे. तर एकूण किती? इथेही दोन उत्तरं निघतात, ५० आणि ५. भास्कराचार्य ५० घेतात आणि ५ सोडून देतात. कारण ५ चा पाचवा हिस्सा १, त्यातून ३ वजा केले तर उणे दोन माकडं उरतात. त्यांचा वर्ग चार येतो आणि समीकरण बिनबोभाट जुळतं, पण उणे दोन माकडं लोकांना पटत नाहीत, असा त्यांचा अभिप्राय आहे. म्हणजे दोन्ही धन उत्तरं असली तरी एका गणितात दोन्ही ठेवली, दुसऱ्यात एक सोडलं. आणि प्रत्येक वेळी उत्तर परत गोष्टीत घालून पाहिल्यावरच.

बाई पुस्तक मिटून ओसरीवर बसून राहिल्या. लाल शाईतलं ते वाक्य त्यांना शब्दन् शब्द आठवलं.

*

त्यानंतर त्यांचं शिकवणं हळूहळू बदललं. आधी त्यांनी सूत्राची चौकट फळ्यावरून पुसली. सूत्र येईल तेव्हा येईल. ते कुठून येतं ते आधी दाखवायचं.

आता पहिल्या तासाला त्या पुठ्ठ्याचे तुकडे घेऊन येतात. एक चौरस, त्याची बाजू माहीत नाही, ती एक्स. त्याला जोडायला दहा सेंटिमीटर रुंदीची एक पट्टी. चौरस आणि पट्टी मिळून क्षेत्रफळ ३९. म्हणजे एक्स² + १०एक्स = ३९. हे गणित बगदादच्या अल ख्वारिझ्मीचं. साधारण इसवी सन ८२० च्या सुमाराचं त्याचं पुस्तक, त्या पुस्तकाच्याच नावातल्या ‘अल जब्र’वरून युरोपात बीजगणिताला नाव मिळालं. बाई पट्टी कात्रीने उभी मधोमध कापतात. आता पाच-पाच रुंदीच्या दोन पट्ट्या झाल्या. एक चौरसाच्या उजवीकडे लावायची, एक खाली. जवळजवळ मोठा चौरस तयार होतो, फक्त कोपऱ्यात एक खाच राहते.

‘खाच केवढी?’

‘पाच बाय पाच. पंचवीस.’

एक पोरगी लाल पुठ्ठ्याचा तुकडा त्या खाचेत बसवते. ३९ आणि २५ मिळून ६४. म्हणजे मोठ्या चौरसाची बाजू ८, त्यातून पट्टीचे ५ वजा केले, एक्स आला ३. पुस्तकात ‘पूर्ण वर्ग पद्धत’ म्हणून जे दोन पानांत येतं, ते या लाल तुकड्याने पाच मिनिटांत होतं. मग बाई विचारतात, दुसरं उत्तर कुठे गेलं? सूत्राने सोडवलं तर ३ येतो आणि उणे १३ ही येतो. अल ख्वारिझ्मीने फक्त ३ सांगितला. पुठ्ठ्यातून उणे १३ लांबीची बाजू कापता येत नाही, हे पोरांना कुणी समजावून द्यावं लागत नाही.

त्यानंतर श्रीधराचार्य. पाठ्यपुस्तकात सूत्र सिद्ध करताना आधी सगळीकडे एने भाग देतात, मग अपूर्णांकांचं रान माजतं आणि पोरं तिथेच गळतात. श्रीधराचार्यांची युक्ती अपूर्णांक टाळते. दोन्ही बाजूंना ४ए ने गुणायचं, दोन्ही बाजूंत बीचा वर्ग मिळवायचा. डाव्या बाजूला २एएक्स + बी याचा पूर्ण वर्ग आपोआप तयार होतो, उजवीकडे बीचा वर्ग वजा चार एसी उरतं. वर्गमूळ घ्या, बी पलीकडे न्या, दोन ए ने भागा, सूत्र हातात. श्रीधराचार्य आठव्या-नवव्या शतकाच्या आसपासचे. त्यांचा बीजगणितावरचा मूळ ग्रंथ आज मिळत नाही. हा नियम आपल्यापर्यंत आला तो भास्कराचार्यांनी तो त्यांच्या नावाने उद्धृत केला म्हणून. त्याच्याही आधी, ६२८ साली, भिल्लमाळच्या ब्रह्मगुप्ताने अशा समीकरणाची रीत सांगितली होती.

ब्राझीलमधल्या शाळांत हेच सूत्र ‘भास्कराचं सूत्र’ म्हणून शिकवलं जातं, हे बाईंनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा वर्गाचा विश्वास बसला नाही. ‘आपल्या इथल्या भास्कराचं?’ हो, त्याच. ‘मग आपण का नाही म्हणत?’ यावर बाईंनी श्रीधराचार्यांकडे बोट दाखवलं. ज्याचं नाव ब्राझीलने दिलं, त्याने स्वतःच श्रेय दुसऱ्याला देऊन ठेवलं होतं.

‘आपल्या इथल्या’ हे त्या भागात उगाच म्हटलं जात नाही. चाळीसगावजवळ सह्याद्रीच्या पायथ्याशी पाटणादेवीला शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. त्याने आजोबांच्या ग्रंथांचं अध्ययन व्हावं म्हणून इथे मठ काढला, त्याची ही नोंद. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये हा लेख अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचं जन्मगाव नेमकं कोणतं यावर अभ्यासकांत वाद आहेत आणि बाई ते वर्गात मिटवायला जात नाहीत. पण त्यांचा ‘सिद्धांतशिरोमणी’ शिकवण्यासाठी दानपत्र करून दिलेली जागा आपल्या तालुक्यात आहे, एवढं पक्कं. दरवर्षी पावसाळा ओसरला की सहल तिकडे जाते. पोरं धबधब्याकडे पळतात. तीन-चार जण मात्र लेखापाशी रेंगाळतात, अक्षरं लावायचा प्रयत्न करतात. बाईंना तेवढे पुरतात.

*

विहिरीचा प्रयोग त्यांनी बऱ्याच उशिरा सुरू केला, तोही एका पालकांच्या वावरात, कठडा बांधलेल्या विहिरीवर. मुख्याध्यापकांची परवानगी मिळवायला दोन वर्षं गेली होती. दहावीच्या विज्ञानात पहिलंच प्रकरण गुरुत्वाकर्षणाचं. तिथे पोरांनी शिकलेलं असतं की सोडून दिलेली वस्तू टी सेकंदांत साधारण ४.९ टी² मीटर पडते. म्हणजे विहिरीत दगड सोडायचा, ‘डुबुक’ ऐकू येईपर्यंतची वेळ मोजायची, वर्ग करून ४.९ ने गुणायचं, झाली खोली.

पाच पोरांनी मोबाइलवर वेळ मोजली. १.९ पासून २.१ सेकंदांपर्यंत आकडे आले. सरासरी २ धरली. ४.९ गुणिले ४, म्हणजे १९.६ मीटर, सुमारे ६४ फूट. पालक कठड्याला टेकून ऐकत होते. ते म्हणाले, ‘बाई, एवढी नाही. आमचा दोर साठावर पाण्याला लागतो.’

चार फूट कुठे गेले? वर्ग विचारात पडला. मग एका मुलीने विचारलं, ‘आवाजाला वर यायला वेळ लागत नाही का?’

हाच प्रश्न यावा म्हणून बाई दोन वर्षं परवानगीसाठी झगडल्या होत्या. दोन सेकंदांतला काही वेळ दगडाचा, उरलेला आवाजाचा. आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरा. दगडाला टी सेकंद लागले, तर आवाजाला २ वजा टी. जातानाचं अंतर आणि येतानाचं अंतर सारखंच. तिथेच, कठड्यावर वही ठेवून, समीकरण तयार झालं: ४.९टी² + ३४०टी – ६८० = ०. याचे अवयव पाडायला कुणी बसलं तर रात्र होईल. पुस्तकातली बहुतेक उदाहरणं अवयवांनीही सुटतात, म्हणून पोरांना सूत्र हे उगाचचं ओझं वाटतं. इथे दुसरा मार्गच नव्हता. वर्गमुळाखाली १२८९२८ आले, त्याचं मूळ मोबाइलवर ३५९.०७ निघालं, आणि टी आला १.९४५. म्हणजे आवाजाचा वाटा सेकंदाचा साधारण अठरावा हिस्सा. खोली साडेअठरा मीटर, जवळजवळ ६१ फूट.

‘आता बरोबर,’ पालक म्हणाले.

दुसरं उत्तर उणे ७१ सेकंद आलं. ‘म्हणजे दगड टाकायच्या सव्वा मिनिट आधीच तो पाण्यात?’ एकाने विचारलं आणि सगळे खिदळले. तरीही ते टाकताना कारण लिहायचंच होतं. पोरांनी लिहिलं: ‘तेव्हा दगड हातातच होता.’ बाईंनी त्याला पूर्ण गुण दिले.

शिवाय एक हिशेब त्यांनी फळ्यावर मांडून दाखवला. वेळ मोजताना सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याची चूक झाली, म्हणजे २ ऐवजी २.१ धरली, तर खोली २०.४ मीटर येते. बोट एवढंसं उशिरा पडलं आणि विहीर सहा फूट खोल झाली. सूत्र अचूक असून भागत नाही. त्यात घातलेला आकडा तेवढाच खरा हवा. त्या दिवशी हे कुणाला समजावून द्यावं लागलं नाही, कारण पाचही मोबाइल समोर होते.

*

विवेचक, म्हणजे वर्गमुळाखालचा तो बीचा वर्ग वजा चार एसी, ऋण आला की पोरं गडबडतात. ‘वास्तव मुळे नाहीत’ असं लिहायचं असतं, पण काहीतरी चुकलंय असं वाटून ती चिन्ह बदलून टाकतात. भास्कराचार्यांनीही म्हटलं आहे, की ऋण संख्येला मूळ नसतं, कारण ती कशाचाच वर्ग नाही. पण हे वाक्य ऐकून पोरांची भीती जात नाही. म्हणून बाईंनी सुतळी आणली.

वीस मीटर सुतळी, दोन्ही टोकं बांधलेली. मैदानावर चार पोरांनी चार कोपरे धरले. ‘या सुतळीत तीस चौरस मीटरचा आयत बसवा.’ लांब करून झाला, आखूड करून झाला. ८ बाय २ चे १६ झाले, ७ बाय ३ चे २१, ६ बाय ४ चे २४. ५ बाय ५ ला २५ झाले. त्याच्या पुढे गेलं की परत कमी. अर्ध्या तासाने घामाघूम झालेला एक जण सुतळी टाकून म्हणाला, ‘बाई, हे होणारच नाही.’

वर्गात येऊन समीकरण मांडलं. एका बाजूला एक्स, दुसरी १० वजा एक्स, गुणाकार ३०. एक्स² – १०एक्स + ३० = ०. विवेचक १०० वजा १२०, उणे २०. ‘होणारच नाही’ हे मैदानावर अर्ध्या तासात कळलं ते सूत्राने एका ओळीत सांगितलं. त्या वर्षी त्या वर्गातल्या कुणीही विवेचकाचं चिन्ह बदललं नाही.

नव्या प्रश्नपत्रिकेत लेखी बीजगणिताला ४० गुण आहेत. ‘कृती पूर्ण करा’ म्हणून चौकटी दिलेल्या असतात, पोराने त्यात आकडे भरायचे. चौकटी बऱ्या, त्यांनी काठावरची पोरं पास होतात, हे बाई मान्य करतात. त्यांची तक्रार एवढीच आहे, की शेवटच्या चौकटीनंतर पेपर संपतो. दोन उत्तरं आली, त्यांचं काय केलं आणि का, याला चौकट नसते. म्हणून त्यांच्या वर्गात वहीच्या प्रत्येक गणिताखाली दोन ओळी मोकळ्या सोडायच्या असतात. सुरुवातीला पोरं कंटाळतात. दिवाळीपर्यंत त्या ओळी आपोआप भरू लागतात.

*

तिसऱ्या बाकावरच्या त्या पोराने शेवटी आपल्या दोन ओळी अशा भरल्या: ‘३३ हे समीकरणाचे मूळ आहे. पण वावर ३० मीटरच रुंद आहे म्हणून वाट २ मीटर.’ ‘वावर’ शब्दाखाली त्याने आधी ‘शेत’ लिहून खोडलं होतं. बाईंनी ते तसंच राहू दिलं.

२००३ च्या चाचणीतली ती मुलगी आता चाळीसगावातच असते, संसार सांभाळून शिवणकाम करते. चार वर्षांपूर्वी शनिवारच्या बाजारात भेटली, तेव्हा बाईंनी तिला माकडांची गोष्ट सांगितली आणि चूक कबूल केली. ती मोठ्याने हसली. ‘मला ते गणितसुद्धा आठवत नाही, बाई,’ म्हणाली, आणि मेथीची जुडी त्यांच्या पिशवीत कोंबून निघून गेली.

माकडांचं गणित बाई अजून दरवर्षी घटक चाचणीत घालतात. उत्तरसूचीत आता दोन आकडे आहेत. त्या वर्षीची गुणनोंदवही शाळेच्या कपाटात अजून आहे. तिच्यात त्या मुलीच्या नावापुढे वीसपैकी अठरा गुण आहेत.